पेशी कमी आहेत म्हणून ऑपरेशन थांबवायचं का?

पत्र:

नमस्कार डॉक्टर. मी दिंडोरी तालुक्यातून लिहिते आहे. माझ्या सासूबाईंचं वय ५६. आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो. २०१५ च्या पावसाळ्यात त्यांना ताप आला, डेंग्यू समजून दाखल केलं. ताप गेला, पण पेशी, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट, काही वर आल्या नाहीत. शेवटी आयटीपी आहे, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतं, असं निदान झालं. तेव्हापासून वायसोलोन ही स्टेरॉइडची गोळी कमी-जास्त चालू असते, पेशी ३०-४० हजारांच्या आसपास राहतात. या दिवाळीत त्यांनी मला एकटीला सांगितलं, की डाव्या स्तनात गाठ लागते आहे. दोन महिने अंगावर काढलं होतं. नाशिकला बायोप्सी केली, कॅन्सर निघाला. गाठ २.४ सेंटिमीटर, ईआर-पीआर (संप्रेरकांच्या चाचण्या) पॉझिटिव्ह, हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) निगेटिव्ह. काखेत काही लागत नाही. सर्जन म्हणाले, पेशी २४ हजार आहेत, अशात ऑपरेशन नाही करता येणार, आधी वाढवून या. कशा वाढवायच्या ते कोणी नीट सांगेना. दिरांनी गावातली सहा पोरं पेशी द्यायला तयार ठेवली आहेत. नणंदबाई रोज पपईच्या पानांचा रस आणि गुळवेलाचा काढा देतात. सासरे, म्हणजे तात्या, म्हणतात, द्राक्षांचा माल निघाला की मार्चमध्ये बघू. आई म्हणतात, ‘माझं रक्त पातळ आहे, चाकू लावला तर थांबायचं नाही, मला आहे तशी राहू द्या.’ ऑपरेशन होऊ शकतं का? किमो झेपेल का? आयटीपीमुळेच कॅन्सर झाला का? मी धाकटी सून, माझं कोण ऐकणार?

— एक वाचक, दिंडोरी

उत्तर:

ऑपरेशन होऊ शकतं. हे आधी आईंना सांगून या, मग पुढचं वाचा.

मी नाशिकमध्ये तीस वर्षं पॅथॉलॉजीचं काम केलं. ऑपरेशन करणारी मी नाही, किमो देणारीही नाही. पण कमी पेशींचे रिपोर्ट हातात घेऊन आलेली, तोंडचं पाणी पळालेली माणसं मी रोज बघत होते. दर पावसाळ्यात डेंग्यूची साथ येते आणि पेशींचा आकडा म्हणजे जणू आयुष्याचे उरलेले दिवस, अशी भीती घराघरांत बसते. ती भीती तुमच्या घरातही आहे. आयटीपी मात्र डेंग्यूपेक्षा वेगळा आहे. डेंग्यूत आकडा दोन दिवसांत कोसळतो, शरीराला सवय नसते, रक्तवाहिन्याही पाझरतात. आईंचं शरीर दहा वर्षं ३०-४० हजारांवर शेतात राबतं आहे. आयटीपीतल्या प्लेटलेट बहुतेक ताज्या आणि आकाराने मोठ्या असतात, कामाला चांगल्या असतात. त्यामुळे आकडा सारखाच असला तरी किमोच्या रुग्णापेक्षा आयटीपीच्या रुग्णाला रक्तस्राव पुष्कळदा कमी होतो.

एक छोटी गोष्ट आजच करून घ्या. लॅबमध्ये सांगा, की काचपट्टीवर डोळ्यांनी मोजून द्या. मोठ्या प्लेटलेट काही मशीन लाल पेशी समजून सोडून देतात आणि आकडा खरा असतो त्याहून कमी छापला जातो. कधी नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेटचे गुठळे होतात आणि त्यानेही आकडा पडतो, तेव्हा सायट्रेटच्या नळीत रक्त पुन्हा घ्यावं लागतं. आईंना आयटीपी आहे यात शंका नाही, पण २४ हजार आणि ३६ हजार यांत सर्जनच्या दृष्टीने फरक आहे.

आता त्या सहा पोरांबद्दल. दिरांची धडपड खरी आहे, त्यांना नाउमेद करू नका. पण आयटीपीत प्लेटलेट कमी का होतात ते समजलं, की बाटल्या चढवून त्या का वाढत नाहीत तेही समजतं. अस्थिमज्जा म्हणजे हाडातला कारखाना चालू असतो. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच प्लेटलेटवर खुणा करते आणि प्लीहा त्या खुणावलेल्या प्लेटलेट गाळून खाऊन टाकते. १९५० मध्ये अमेरिकेत सेंट लुईस इथे हॅरिंग्टन नावाच्या तरुण डॉक्टराने आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. काही तासांत त्याच्या स्वतःच्या धडधाकट प्लेटलेट कोसळल्या. दोष प्लेटलेटमध्ये नाही, रक्तात फिरणाऱ्या कशात तरी आहे, हे त्याने जिवावर उदार होऊन दाखवलं. गावातल्या पोरांच्या प्लेटलेटचंही आईंच्या अंगात तेच होणार, काही तासांत संपतील. त्या लागतील त्या ऑपरेशनमध्ये अचानक रक्त थांबेना झालं तर, तेही दुसऱ्या औषधांच्या जोडीने. म्हणून पोरांचे फोन नंबर आणि रक्तगट लिहून ठेवा आणि रक्तपेढीला तारीख कळवून ठेवा. आकडा वाढवायला म्हणून आज प्लेटलेट चढवू नका.

मग आकडा वाढवायचा कसा, आणि किती? इथे तुमच्या घरच्यांची सगळ्यात मोठी चूक होते आहे असं मला वाटतं, आणि ‘वाढवून या’ एवढंच सांगून पाठवणाऱ्यांचीही. आकडा कायमचा दीड लाख करायचा नाही, तो एका तारखेपुरता हवा. आयटीपीच्या तज्ज्ञांच्या शिफारशींत लहान ऑपरेशनसाठी ५० हजार आणि मोठ्यासाठी ८० हजार अशी पातळी धरलेली आहे. स्तनाचं ऑपरेशन पोट किंवा मेंदूसारखं खोलातलं नाही. रक्त येतं ते दिसतं, दाबता येतं, जाळून बंद करता येतं. त्यामुळे या दोन आकड्यांच्या दरम्यान कुठे उभं राहायचं ते सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ मिळून ठरवतात.

तात्यांना हे त्यांच्या भाषेत समजेल. छाटणी झाली की तुम्ही दिवस मोजता ना? कितव्या दिवशी कुठली फवारणी, कितव्या दिवशी जीएचं डिपिंग, म्हणजे वाढीच्या संप्रेरकात घड बुडवणं, हे सगळं तारखेवर चालतं. इथेही तसंच आहे, फक्त उलट्या बाजूने मोजायचं. आधी ऑपरेशनची तारीख धरायची आणि तिथून मागे यायचं. एलट्रोम्बोपॅगची गोळी किंवा रोमिप्लोस्टिमचं आठवड्यातून एकदा कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन अस्थिमज्जेला प्लेटलेट जास्त बनवायला लावतं. त्याचा परिणाम दिसायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून ते आधी सुरू होतं. डेक्सामेथासोन ४० मिलिग्रॅम सलग चार दिवस देतात, त्याने काही दिवसांत आकडा उचलतो. आणि तारीख अगदी तोंडावर आली तरी आकडा रेंगाळत असेल तर आयव्हीआयजी, म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रथिनं शिरेतून देतात, वजनाच्या दर किलोला १ ग्रॅम, एक किंवा दोन दिवस. ६० किलोच्या बाईला एका दिवसाचे ६० ग्रॅम लागतात, त्यामुळे ते फार महाग पडतं. पण एक ते तीन दिवसांत काम सुरू करतं आणि चढलेला आकडा साधारण दोन ते चार आठवडे टिकतो. त्या खिडकीत ऑपरेशन उरकतं, टाके सुकतात, नळी निघते. नंतर आकडा पुन्हा ३० हजारांवर आला तर येऊ द्या, आपलं काम झालेलं असतं.

हे सगळं आखायला रक्तविकारतज्ज्ञ, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्ट लागतो. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. आईंची वायसोलोन दहा वर्षं कोण कमी-जास्त करतं आहे? नाशिक शहरात हिमॅटॉलॉजिस्ट आहेत. कॅन्सरचे सर्जन आणि ते, या दोघांनी एकमेकांशी फोनवर बोलावं असा आग्रह धरा. जिथे ट्यूमर बोर्ड भरतो, म्हणजे सगळे तज्ज्ञ एकत्र बसून केस बघतात, तिथे आईंची फाइल ठेवायला सांगा. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या घेऊन तुम्ही एसटीने फेऱ्या मारत बसू नका. दोघांचा मिळून एक कागद हवा.

तात्यांच्या मार्चबद्दल स्पष्ट लिहिते. मार्चपर्यंत थांबणं बरोबर नाही. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सात प्रकारच्या कॅन्सरचा मोठा आढावा आला होता. ऑपरेशन दर चार आठवडे लांबलं, की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. आठ-दहा दिवसांनी आभाळ कोसळत नाही, पण चार महिने हा फार मोठा काळ आहे. बाग घरच्या कर्जाचं, पोरांच्या शिक्षणाचं ओझं उचलते हे मला ठाऊक आहे, म्हणून तात्यांवर रागावू नका. त्यांना हिशेब सांगा: आज औषध सुरू केलं तर साधारण दोन-तीन आठवड्यांत ऑपरेशन होऊ शकतं, म्हणजे माल निघायच्या आधी.

आणि समजा आकडा हट्टी निघाला, महिना लागला, तर तो महिनाही वाया जायला नको. आईंची गाठ ईआर-पीआर पॉझिटिव्ह आहे, म्हणजे ती स्त्री-संप्रेरकांवर वाढते. पाळी थांबलेल्या बाईला लेट्रोझोलसारखी रोजची गोळी ऑपरेशनच्या आधीही सुरू करता येते. ती गाठीचं खाद्य तोडते आणि प्लेटलेटला सहसा धक्का लावत नाही. कोविडच्या काळात ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली तेव्हा जगभर हाच मार्ग धरला होता. ‘पेशी वाढेपर्यंत ही गोळी चालू करू का?’ हा प्रश्न तुमच्या यादीत सगळ्यात वर लिहा.

ऑपरेशनच्या वेळी सर्जनना दोन गोष्टी नक्की विचारा. काखेत काही लागत नसेल तर तिथल्या सगळ्या लसिका गाठी न काढता फक्त पहिल्या एक-दोन, म्हणजे सेंटिनल गाठी तपासता येतील का? जखम लहान राहते, आत रक्त साठायची भीती कमी होते, पुढे हाताला सूज येण्याचा त्रासही कमी. आणि भूलतज्ज्ञांना वायसोलोनबद्दल आवर्जून सांगा. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाच्या शरीराला ऑपरेशनच्या ताणात स्वतःचं स्टेरॉइड पुरेसं बनवता येत नाही, त्या दिवशी वरून जादा द्यावं लागतं. ऑपरेशन आहे म्हणून घरच्या घरी गोळी बंद करणं फार धोक्याचं आहे. रक्तातली साखरही तपासून घ्या.

किमोचं ऐकून आई जास्त घाबरल्या असतील. पण त्यांना किमो लागेलच असं नाही. २०१८ मध्ये टेलरएक्स नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दहा हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. काखेत पसरलेला नसलेला, संप्रेरकांवर वाढणारा आणि हर-टू निगेटिव्ह कॅन्सर असलेल्या पन्नाशीपुढच्या ज्या बायकांचा गाठीच्या जनुकांचा स्कोअर २५ पर्यंत होता, त्यांना किमोचा वेगळा फायदा दिसला नाही, संप्रेरकांची गोळी पुरली. ही चाचणी महाग आहे. ती परवडली नाही तर काखेच्या गाठींचा रिपोर्ट, गाठीची ग्रेड, केआय-६७ (गाठ किती वेगाने वाढते ते सांगणारी चाचणी) यावरूनही डॉक्टर अंदाज घेतात. ऑपरेशननंतरचा रिपोर्ट येईपर्यंत किमोची धास्ती बाजूला ठेवा.

आणि लागलीच तरी आयटीपीत किमो देता येते. एरवी दर फेरीआधी प्लेटलेट १ लाखाच्या आसपास असाव्यात अशी पद्धत आहे. आयटीपीत तो आकडा हिमॅटॉलॉजिस्टशी बोलून खाली आणता येतो, किंवा एलट्रोम्बोपॅगचा आधार देऊन फेऱ्या वेळेवर ठेवता येतात. कार्बोप्लॅटिनसारखी औषधं प्लेटलेट जास्त पाडतात, तिथे दुसरा पर्याय शोधतात. सायक्लोफॉस्फमाइड हे स्तनाच्या किमोतलं नेहमीचं औषध हट्टी आयटीपीवरही पूर्वीपासून वापरलं जातं, आणि पॅक्लिटॅक्सेलच्या आधी देतात ते डेक्सामेथासोन तर आयटीपीचं औषधच आहे. त्यामुळे काही रुग्णांचा आकडा किमोच्या काळात चक्क सुधारलेलाही पाहण्यात आला आहे. त्यावर भिस्त ठेवू नये, पण किमो म्हणजे पेशी संपल्याच, असंही समजू नये.

इथे एक घोळ सोडवते. आपल्याकडे प्लेटलेटना सर्रास ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात. त्या वेगळ्या. प्लेटलेट रक्त थांबवतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. किमोत दोन्ही पडतात, साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी सगळ्यात खाली. डॉक्टर ‘पेशी कमी झाल्या’ म्हणाले, की कुठल्या, हे विचारा. पांढऱ्या कमी असताना ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र न काढता दवाखाना गाठायचा. आईंच्या अंगात स्टेरॉइड असल्याने ताप फारसा चढणारही नाही, म्हणून नुसती थंडी वाजली तरी दुर्लक्ष नको.

हे सदर वाचणाऱ्या ज्या घरांत हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) कॅन्सर आहे आणि सोबत आयटीपीही आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी. टी-डीएम-१ हे हर-टू पॉझिटिव्ह कॅन्सरचं औषध प्लेटलेट चांगल्याच पाडतं. पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी संरक्षण यंत्रणेचे ब्रेक सोडते, त्याने आयटीपी उसळू शकतो. दोन्ही औषधं सुरू होण्याआधी हिमॅटॉलॉजिस्टचं मत घ्या. रेडिएशनला मात्र घाबरू नका, स्तनावरचे शेक रक्ताला फारसे लागत नाहीत.

पपईच्या पानांचा रस आणि गुळवेल आजपासून बंद. नणंदबाईंना दुखवायचं नसेल तर माझं नाव सांगा. पपईच्या रसाची चर्चा डेंग्यूत होते, आणि डेंग्यूच्या पेशी आपोआपच वर येतात. आयटीपीत तो रस लागू पडतो असं सिद्ध झालेलं नाही. गुळवेल तर प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून घेतात, आणि आईंची प्रतिकारशक्तीच त्यांच्या प्लेटलेट खाते आहे. कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं नोंदवलं होतं. एलट्रोम्बोपॅगही यकृतावर ताण देऊ शकतं, त्यासाठी रक्त तपासत राहावं लागतं. काढा चालू असताना यकृत बिघडलं तर कशाने बिघडलं तेही कळणार नाही आणि हातचं औषध बंद करावं लागेल.

एलट्रोम्बोपॅगच्या गोळीचं एक पथ्य कडक आहे. दूध, दही, ताक, कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीचं औषध यांच्यासोबत ती अंगी लागत नाही. दुधाचं काही घेण्याच्या किमान दोन तास आधी किंवा घेतल्यावर चार तासांनी ती घ्यायची, आणि रिकाम्या पोटी. शेतकरी घर पहाटे उठतं. पाचला गोळी पाण्यासोबत, सातला चहा. ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून डोस वाढवण्याआधी चहाची वेळ तपासा. लेट्रोझोल आणि वायसोलोन दोन्ही हाडं ठिसूळ करतात, त्यामुळे आईंना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागणारच, ते दुपारच्या जेवणात ठेवा. हाडांची डेक्सा तपासणीही एकदा करून घ्या.

गावच्या दवाखान्यात कंबरेत इंजेक्शन घ्यायचं नाही, आत रक्ताची गाठ होते. डायक्लोफेनॅक, ब्रुफेन, ॲस्पिरिन नको, दुखलं तर पॅरासिटामॉल. तोंडात रक्ताचे फोड, काळी शौच, एकाएकी जबर डोकेदुखी आणि उलटी, ऑपरेशनची जागा टणक होऊन फुगणं, यांतलं काहीही झालं तर थेट नाशिक. पोटरी एका बाजूला सुजून दुखायला लागली तरी दाखवा, कारण प्लेटलेट वाढवणाऱ्या औषधांनी क्वचित गुठळी होते. टॅमॉक्सिफेन या संप्रेरकांवरच्या दुसऱ्या गोळीनेही होते, म्हणून या वयात लेट्रोझोल बरी.

आयटीपीमुळे कॅन्सर झाला का? नाही. काही जणांत कॅन्सरच्या सोबतीने आयटीपी उद्भवतो, पण दहा वर्षांचं अंतर बघता आईंचे हे दोन आजार वेगवेगळेच दिसतात. तसंच आईंनी दोन महिने लपवलं म्हणून कोणी बोलू नये. कोणाला तरी सांगावंसं वाटलं तेव्हा त्यांनी तुम्हाला निवडलं.

पैशांसाठी: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, कॅन्सरची ऑपरेशनं, किमो, रेडिएशन त्यात येतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा, आणि आयव्हीआयजी व एलट्रोम्बोपॅग पॅकेजमध्ये बसतं का ते दाखल होण्याआधीच विचारा. नाशिकमध्ये शालिमारजवळच्या संदर्भ सेवा रुग्णालयातही चौकशी करा. दुसरं मत हवं वाटलं तर परळचं टाटा मेमोरियल आहे, नाशिक रोडहून सकाळची पंचवटी धरली की दादरला उतरून जवळ पडतं. कॅन्सरच्या उपचारासाठी जाताना रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते, दवाखान्याच्या पत्रावर.

राहिला तुमचा प्रश्न, माझं कोण ऐकणार? हिमॅटॉलॉजिस्टकडे जाताना तात्यांना सोबत न्या. दीर नको, नणंद नको, तात्याच. त्यांच्याकडे बागेची वही असेल, फवारणीच्या तारखांची. तिचंच एक कोरं पान घ्या. डॉक्टरांना विचारायचं, ऑपरेशन कुठल्या तारखेला धरू? ती तारीख तात्यांनी पानाच्या तळाशी लिहायची आणि वरच्या ओळींत एकेक दिवस मागे येत जायचं: गोळी कधी सुरू, रक्त कधी तपासायचं, दाखल कधी व्हायचं. आणि पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत आईंचं नाव, रक्तगट, ‘आयटीपी’ आणि ‘वायसोलोन चालू’. पहिला आकडा काचपट्टीवर मोजलेला लिहा.